एण्डोक्राइन पाठ होतं, पण डोक्यात राहत नाही. नर्सिंगवाल्यांनो, तुम्ही कसं केलंत?

मोगरा
नमस्कार मंडळी. मी बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षी फिजिऑलॉजीत अंतःस्रावी ग्रंथी (एण्डोक्राइन, म्हणजे रक्तात हॉर्मोन सोडणाऱ्या) घोकून पास झाले. आता मेड-सर्जला (मेडिकल-सर्जिकल नर्सिंगला) तोच विषय आजारांसकट पुन्हा समोर आला आणि माझी पाटी कोरी. ग्रंथींची यादी म्हणता येते, हॉर्मोनची यादी म्हणता येते, पण दोन्हींचा एकमेकांशी संबंध लागत नाही.

गेल्या आठवड्यात इंटर्नलला एस.आय.ए.डी.एच. (ए.डी.एच. हॉर्मोन गरज नसताना सुटणं) आणि डायबेटिस इन्सिपिडस (ते नसणं किंवा मूत्रपिंडानं त्याचं न ऐकणं) यांतला फरक विचारला होता. मी तक्ता काढला, रकाने आखले आणि सोडियम दोन्हीकडे उलटं लिहिलं. व्हायवात मॅडमनी विचारलं, "हायपोथायरॉइड पेशंटचा टी.एस.एच. कसा असेल?" (टी.एस.एच. म्हणजे थायरॉइडला चालना देणारं पिट्युटरीचं हॉर्मोन.) मी म्हटलं, कमी. हायपो म्हणजे कमी, एवढंच डोक्यात होतं. मॅडम रागावल्या नाहीत. "वॉर्डात रिपोर्ट हातात आला की काय करशील?" एवढंच म्हणाल्या. ते वाक्य तेव्हापासून मनातून जात नाहीये.

रोज दोन तास देते आहे. तास वाढवायची तयारी आहे, पण वाचायची पद्धतच चुकतेय असं वाटतं. ज्यांना हा विषय खरंच कळलाय त्यांनी कसा केला, ते कृपया सांगा.

रातराणी
मोगरा, बाळा, तुझी चूक नव्वद टक्के मुली करतात. मीही केली होती. मी सरकारी रुग्णालयात २३ वर्षं काढली, सध्या मेडिसिन वॉर्डची इनचार्ज आहे. पुस्तक बाजूला ठेव आणि डोळ्यांसमोर एक घर आण.

माजघरात आजी बसलीय, ती हायपोथॅलॅमस. स्वयंपाकघरात आई, ती पिट्युटरी. अंगणात पोरगं खेळतंय, ते थायरॉइड. आजी आईला म्हणते, "बघ गं, पोर कुठंय" (टी.आर.एच.). आई अंगणाकडे तोंड करून हाक मारते (टी.एस.एच.). पोरगं "ओ" देतं (टी-३, टी-४). ओ ऐकू आली की आई गप्प, आजीही निवांत. झाला तुझा निगेटिव्ह फीडबॅक.

आता पोरगं ओ देत नाही. आई काय करेल? आवाज चढवेल. म्हणून प्रायमरी हायपोथायरॉइडमध्ये टी-४ कमी आणि टी.एस.एच. जास्त. आणि समज, आईचाच घसा बसलाय. हाकच नाही तर पोर कशाला ओ देईल? दोन्ही कमी. ते सेकंडरी, दोष पिट्युटरीत.

ग्रेव्ह्ज डिसीजमध्ये शेजारचं कुणीतरी हुबेहूब आईच्या आवाजात हाका मारत सुटलंय. त्या अँटिबॉडीज. पोरगं घसा फाटेस्तोवर ओ ओ करतंय. आई ऐकते आणि तोंड मिटून बसते. टी-३, टी-४ जास्त, टी.एस.एच. अगदी तळाला.

रिपोर्ट हातात आला की मी अजूनही हेच दोन प्रश्न विचारते: हाक कुणाची? ओ कुणाची? नावं पाठ करण्याआधी हे कर.

जोंधळा
रातराणी मॅडम, हे आम्हाला कुणी आधी का नाही सांगितलं! मी जी.एन.एम. (नर्सिंग डिप्लोमा) पहिल्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत जिल्हा परिषदेची शाळा, बारावी आर्ट्स. माझी अडचण मोगरापेक्षा वेगळी आहे. मला विषय समजतो, इंग्रजी शब्द समजत नाहीत. हायपोकॅलेमिया आणि हायपोकॅल्सिमिया हे मी सहा महिने एकच समजत होतो. वर्गात विचारायची लाज वाटते.

शिकवणी
जोंधळा, लाज अजिबात बाळगू नका. तुम्ही ज्या दोन शब्दांत अडकलात, तिथे इंग्रजी माध्यमाची मुलंही अडकतात. मी नर्सिंग कॉलेजात ट्यूटर आहे, दरवर्षी पाहते.

शब्द फोडायला शिका. शेवटी "एमिया" आलं की रक्तात, "युरिया" आलं की लघवीत. मध्ये "कॅल" असेल तर पोटॅशियम, कारण त्याचं लॅटिन नाव कॅलियम, म्हणूनच त्याची खूण इंग्रजी के. "कॅल्स" असेल तर कॅल्शियम. "नॅट्र" असेल तर सोडियम, लॅटिन नॅट्रियम. "ग्लाय" म्हणजे साखर. एवढ्या पाच-सहा तुकड्यांवर निम्मा धडा वाचता येतो. हायपोनॅट्रेमिया: कमी, सोडियम, रक्तात. संपलं.

मराठी नावांनाही परकं मानू नका. वृक्क म्हणजे मूत्रपिंड, म्हणून अधिवृक्क म्हणजे मूत्रपिंडाच्या डोक्यावर बसलेली ग्रंथी, अ‍ॅड्रिनल. अवटू म्हणजे थायरॉइड, तिच्या पाठीला चिकटलेल्या त्या परावटू, पॅराथायरॉइड. नावातच जागा सांगितलेली आहे.

मी मुलांना उत्तर आधी मराठीत, तेही बोलीत लिहायला लावते. "पेशंटला थंडी सोसत नाही, अंग जड, बद्धकोष्ठ, नाडी हळू, आवाज घोगरा, पाळी जास्त जाते." दुसऱ्या वाचनात प्रत्येक शब्दाखाली इंग्रजी संज्ञा लिहायची. पेपर इंग्रजीत द्यायचा हे खरं, पण विचार आधी आपल्या भाषेत पक्का झाला तर संज्ञा त्यावर बसतात. उलटं केलं की फक्त संज्ञा उरतात आणि व्हायवात त्या निसटतात.

मोगरा, तुझ्या प्रश्नाकडे येते. ए.डी.एच. म्हणजे लघवी अडवणारं हॉर्मोन. नावातच "अँटी-डाययुरेटिक" आहे. आता वरणाचं पातेलं घे. मीठ एकदा घातलंय, ते तेवढंच.

एस.आय.ए.डी.एच.मध्ये हे हॉर्मोन गरज नसताना सुटतं. पाणी बाहेर जात नाही, अंगात साठतं. वरणात तांब्याभर पाणी ओतल्यासारखं. मीठ तेवढंच आहे, तरी वरण अळणी. म्हणून रक्तातलं सोडियम कमी, १३५ च्या खाली. लघवी थोडी आणि घट्ट, स्पेसिफिक ग्रॅव्हिटी (लघवीच्या घट्टपणाचं माप) जास्त. मेंदूच्या पेशी पाणी ओढून फुगतात, म्हणून डोकेदुखी, गोंधळ, झटके. उपाय काय सुचेल? पाणी घालणं थांबवा, म्हणजे फ्लुइड रिस्ट्रिक्शन. फारच वाईट असेल तर ३ टक्के सलाइन, तेही जपून, कारण सोडियम भराभर वाढवलं तर मेंदूला इजा होते.

डायबेटिस इन्सिपिडसमध्ये हॉर्मोन नाही, किंवा मूत्रपिंड त्याचं ऐकत नाही. पाणी धो धो बाहेर, वरण आटलं, खारट झालं. सोडियम जास्त. लघवी पाण्यासारखी, स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.००५ च्या खाली. पेशंट तहानेनं व्याकूळ. उपाय डेस्मोप्रेसिन (ए.डी.एच.सारखं औषध) आणि गेलेलं पाणी भरून काढणं.

पातेलं आणि लघवी नेहमी एकमेकांच्या उलट. तक्ता पाठ करू नकोस, पातेलं आठव आणि तक्ता परीक्षेत तिथल्या तिथे तयार कर.

मोगरा
शिकवणी मॅडम, आत्ता वहीवर न बघता लिहून पाहिलं. आलं. पहिल्यांदा आलं. रातराणी मॅडम, तुमचं घर मी खोलीच्या भिंतीवर काढलंय.

सह्यकडा
मी पुरुष नर्स, स्टाफ नर्सच्या परीक्षांची तयारी करतोय, नॉरसेटही (एम्सची नर्स भरती परीक्षा) देणार आहे. माझं मत थोडं वेगळं. स्पर्धा परीक्षेत विचार करायला वेळ नसतो, तिथे लघुरूपंच कामी येतात. मी सगळ्या पिट्युटरीचं एक वाक्य बनवलंय. पुढच्या भागात जी.एच. (वाढीचं), टी.एस.एच., ए.सी.टी.एच. (अधिवृक्काला हाक मारणारं), एफ.एस.एच., एल.एच. (अंडाशय-वृषणाला हाक मारणारी), प्रोलॅक्टिन (दुधाचं) तयार होतात आणि मागच्या भागात ए.डी.एच. आणि ऑक्सिटोसिन तयार होतात. वाक्य म्हटलं की आठही डोळ्यांसमोर.

शिकवणी
सह्यकडा, यादी बरोबर आहे, एक शब्द चुकला आणि परीक्षेत नेमका तोच विचारतात. ए.डी.एच. आणि ऑक्सिटोसिन पिट्युटरीच्या मागच्या भागात तयार होत नाहीत. ती हायपोथॅलॅमसमध्ये तयार होतात. मागचा भाग हे कोठार, माल साठवायचा आणि सोडायचा. यादी सांगणारं वाक्य हा फरक सांगू शकत नाही, म्हणून मी यादीच्या आधी वाट शिकवते. लघुरूपांना माझा विरोध नाही, मात्र समजल्यानंतर.

रातराणीताईंच्या घराबद्दलही एक गोष्ट जोडते, नाहीतर मुलं सगळीकडे तेच घर लावतील. परावटू आणि स्वादुपिंडातली इन्सुलिनची बेटं यांच्यावर आई-आजी नाहीत. त्या थेट रक्ताची चव घेतात. कॅल्शियम उतरलं की परावटू आपलं हॉर्मोन पी.टी.एच. सोडते, साखर चढली की बीटा पेशी इन्सुलिन सोडतात, उतरली की अल्फा पेशी ग्लुकॅगॉन. आई-आजीचं घर थायरॉइड, अधिवृक्काचं कॉर्टिसॉल, अंडाशय आणि वृषण यांना लागू.

सह्यकडा
मान्य, मॅडम. वहीत दुरुस्त केलं. खरं सांगतो, दोन वर्षं चुकीचं म्हणत होतो.

ओसरी
मी लेबर रूमला आहे. पिट्युटरीचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण पुस्तकात ती दोन ओळींत संपते. बाळंतपणात फार रक्त गेलं तर पिट्युटरीचा रक्तपुरवठा तुटून ती निकामी होऊ शकते. शीहान सिंड्रोम. गरोदरपणात पिट्युटरी मोठी झालेली असते, म्हणून ती जास्त नाजूक.

पहिली खूण आपल्याच समोर असते: बाईला दूधच येत नाही. घरचे म्हणतात, खाल्लं नाही म्हणून. पुढे पाळी येत नाही, थकवा, थंडी, काखेतले केस गळतात. काही बायका वर्षानुवर्षं "अशक्तपणा" म्हणून टॉनिक पीत राहतात. मोगरा, जोंधळा, बाळंतपणाचा इतिहास विचारताना "रक्त किती गेलं होतं, दूध आलं होतं का" हे दोन प्रश्न विचारायची सवय आत्तापासून लावा. प्रोलॅक्टिन, टी.एस.एच., ए.सी.टी.एच., एफ.एस.एच., एल.एच. एका बाईच्या कहाणीत बसतात. त्यानंतर यादी विसरायला होत नाही.

रातराणी
ओसरी, फार मोलाचं लिहिलंस.

आता मी इन्सुलिनवर लिहिते, थोडं लांबेल. विद्यार्थी पेशंटला सगळ्यात आधी हात लावतात ते इथेच आणि पुस्तकं बरीचशी परदेशी. त्यांत इन्सुलिन म्हणजे १०० युनिट प्रति मिली, एवढंच. आपल्या वॉर्डात ४० युनिट प्रति मिलीच्या व्हायल सर्रास असतात. पेनची कार्ट्रिज मात्र १०० ची. सिरिंजही दोन: लाल टोपीची ४० साठी, केशरी टोपीची १०० साठी.

मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. एका आजोबांना सकाळी २० युनिट लिहिलेलं. मी व्हायलमधून २० च्या रेघेपर्यंत भरलं, दिलं, केस पेपरवर सही केली. दोन दिवस त्यांची साखर उतरेना. डॉक्टर डोस वाढवायच्या विचारात होते. तिसऱ्या दिवशी जुन्या सिस्टर ट्रे आवरत होत्या, त्यांनी टोपी उचलून माझ्यापुढे धरली. केशरी. व्हायल होती ४० ची. १०० च्या सिरिंजवर २० ची रेघ म्हणजे ०.२ मिली, आणि ४० च्या व्हायलमधलं ०.२ मिली म्हणजे फक्त ८ युनिट. आजोबांना २० ऐवजी ८ मिळत होते. त्या दिवशी डोस वाढवला असता आणि संध्याकाळी कुणी बरोबर सिरिंज उचलली असती, तर काय झालं असतं हा विचार मला अजून येतो.

उलटं तर आणखी घातक. १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरलं तर अर्धा मिली, म्हणजे ५० युनिट. अडीच पट. पेनच्या कार्ट्रिजमधून सिरिंजनं कधी ओढू नका असं मी मुलींना बजावते ते यासाठी.

म्हणून माझ्या वॉर्डात मुली आधी व्हायलवरचा आकडा मोठ्यानं वाचतात, मग टोपीचा रंग सांगतात, मगच सुई टोचतात. दुसरी सिस्टर तपासते. तू घरी काय करशील तर ही आकडेमोड स्वतः वहीवर कर. चार-पाच वेगवेगळे डोस घे, दोन्ही बाजूंनी. एकदा हातानं केली की हात विसरत नाही.

दोन प्रकार एकत्र भरताना आधी स्वच्छ, मग दुधाळ. हवा मात्र आधी दुधाळमध्ये सोडायची, मग स्वच्छमध्ये. दुधाळ इन्सुलिन तळव्यांत हळू फिरवायचं, घुसळायचं नाही. ग्लार्जिन (दिवसभर चालणारं इन्सुलिन) स्वच्छ दिसतं, पण ते कशातच मिसळायचं नाही.

आणि वेळांचा तक्ता पाठ करताना एकच प्रश्न लाव: साखर कधी पडेल? साधं रेग्युलर अर्ध्या तासात सुरू होतं, जोर दोन ते चार तासांनी. सकाळी साडेसातला दिलं तर दहा-अकरा वाजता पेशंटकडे एक फेरी मार. त्याच वेळी त्याला एक्स-रेला नेऊन उपाशी बसवलेलं असतं, असं फार वेळा घडतं. दुधाळ एन.पी.एच.चा जोर चार ते बारा तासांत कधीही, म्हणजे दुपार ते संध्याकाळ. आकडा घड्याळात बसव, पेशंटच्या दिवसात बसव.

चिंगीची आई
मी नर्स नाही, वाचक आहे. माझी मुलगी अकरा वर्षांची, टाइप वन मधुमेह. सहाव्या वर्षापासून इन्सुलिनवर. परवानगी असेल तर आईच्या बाजूनं थोडं लिहू का?

मोगरा
काकू, नक्की लिहा. आम्हाला हेच कुणी सांगत नाही.

चिंगीची आई
धन्यवाद गं. साखर पडते तेव्हा पुस्तकातली सगळी लक्षणं एकत्र येत नाहीत. माझी मुलगी आधी चिडते, उगाच रडते. मग ओठांवर घामाचे थेंब. आता मला तिच्या आवाजावरून कळतं. ७० च्या खाली आली की तीन छोटे चमचे ग्लुकोज पाण्यात, पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा तपासायचं. वाढली नाही तर पुन्हा तेवढंच. वर आली की पोळी किंवा बिस्कीट. ती पंधरा मिनिटं फार लांब असतात. सारखं काहीतरी भरवावंसं वाटतं आणि मग साखर तीनशेवर जाते. आम्हाला एका सिस्टरनं घड्याळ समोर ठेवून बसायला शिकवलं, तिचे उपकार विसरणार नाही.

दुसरं, ताप किंवा उलट्या असल्या की घरातले म्हणतात, आज जेवली नाही, इन्सुलिन नको. सुरुवातीला मीही एकदा बंद केलं होतं. रात्री श्वास जोरजोरात, तोंडाला गोडसर वास, सरळ आयसीयू. आजारपणात इन्सुलिन बंद करायचं नाही, साखर आणि केटोन तपासत डॉक्टरांना विचारायचं, हे आम्हाला पहिल्याच दिवशी कुणी नीट सांगायला हवं होतं. तुम्ही पुढे सिस्टर झालात की पेशंटच्या घरच्यांना हे नक्की सांगा. लिहून द्या, मोठ्या अक्षरात.

आमच्या गावी वीज जाते, तेव्हा वापरात नसलेल्या व्हायल मी मातीच्या भांड्यात ठेवते, बाहेरून ओलं फडकं. तेही एका नर्सताईनंच सांगितलेलं.

शिकवणी
ताई, तुमची पोस्ट मी वर्गात वाचून दाखवू का? नाव-गाव काही नाही. "पेशंट एज्युकेशन" या मथळ्याखाली मुलं पाच गुळगुळीत ओळी लिहितात, त्यांना हे ऐकू दे.

चिंगीची आई
जरूर वाचा, मॅडम.

लीड्सकर
मूळची साताऱ्याची, आता इंग्लंडमध्ये नर्स. वरच्या आईंनी लिहिलंय तो डी.के.ए. (डायबेटिक केटोअ‍ॅसिडोसिस). मोगरा, तो "का" विचारत शिक. इन्सुलिन नाही म्हणून पेशीला साखर मिळत नाही. पेशी चरबी जाळते. चरबीतून केटोन, केटोन म्हणजे आम्ल. आम्ल बाहेर टाकायला फुप्फुसं खोल-खोल श्वास घेतात, तो कुसमॉल श्वास. साखर लघवीतून जाताना पाणी ओढून नेते, म्हणून पेशंट कोरडा ठाक. म्हणून आधी सलाइन.

आणि पोटॅशियम! सुरुवातीला रिपोर्टमध्ये ते नॉर्मल किंवा जास्त दिसतं, पण शरीरातला साठा रिकामा झालेला असतो. इन्सुलिन सुरू केलं की साखरेबरोबर पोटॅशियमही पेशीत शिरतं आणि रक्तातलं धाडकन पडतं. हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणून पोटॅशियम बघितल्याशिवाय इन्सुलिनची ड्रिप नाही. कमी असेल तर आधी ते भरायचं.

अजून एक, जे मला नोकरीत कळलं: साखर अडीचशेच्या आसपास आली की इन्सुलिन बंद न करता डेक्स्ट्रोज जोडतात. का? कारण आपण साखरेशी लढत नाही, केटोनशी लढतोय. ते संपेपर्यंत इन्सुलिन हवं.

परदेशी यायचा विचार असणाऱ्यांसाठी: इथे साखर मिलिमोलमध्ये मोजतात. १८ ने भागायचं. आपलं ७० म्हणजे इथलं ३.९. पहिल्या आठवड्यात मी ६ आकडा बघून घाबरले होते, तो १०८ होता.

डायबेटिस इन्सिपिडसचं नावही २०२२ मध्ये बदलायचं ठरलं. आता आर्जिनिन व्हेसोप्रेसिन (म्हणजे ए.डी.एच.च) डेफिशियन्सी, आणि मूत्रपिंड ऐकत नसेल तर रेझिस्टन्स. "डायबेटिस" ऐकून स्टाफ साखर तपासत बसायचा आणि डेस्मोप्रेसिन द्यायचं राहायचं, हे त्यामागचं मोठं कारण. जुन्या पुस्तकांत आणि आपल्या पेपरांत जुनंच नाव भेटेल, दोन्ही माहीत असू द्या.

जोंधळा
मी शिकवणी मॅडमचं ऐकून रोज सकाळी कोऱ्या कागदावर माणसाची आकृती काढतो, ग्रंथी जागेवर, बाजूला हॉर्मोन, त्याच्या बाजूला "जास्त झालं तर पेशंट कसा दिसेल" आणि "कमी झालं तर". पुस्तक बंद. राहिलेलं लाल शाईनं भरतो. पहिल्या दिवशी कागद निम्मा लाल होता, आज नवव्या दिवशी चार जागा लाल. अधिवृक्क अजून डगमगतं. आल्डोस्टेरॉन आणि कॉर्टिसॉल यांत गोंधळ होतो.

मोगरा
जोंधळादादा, मी प्रयत्न करते, चुकलं तर मोठ्यांनी सांगा. आल्डोस्टेरॉन मीठ आणि पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम बाहेर टाकतं. कॉर्टिसॉल साखर वाढवतं, ताणात अंग सावरतं. अ‍ॅडिसनमध्ये (अधिवृक्क निकामी) दोन्ही नाहीत, म्हणून सोडियम कमी, बी.पी. कमी, साखर कमी, पोटॅशियम जास्त. कुशिंगमध्ये (कॉर्टिसॉल जास्त) बरंचसं उलटं.

आणि रातराणी मॅडम, तुमचं घर मी इथे लावून पाहिलं. गुडघेदुखीसाठी कुणी महिनोन्‌महिने स्टेरॉइडच्या गोळ्या खाल्ल्या, तर जणू बाहेरचा माणूस सतत पोराच्या आवाजात "ओ" देतोय. आई ऐकते आणि हाक मारणं सोडून देते. पोराला कुणी बोलवतच नाही, ते झोपून जातं. एक दिवस गोळ्या बंद. बाहेरचा माणूस गेला. आई गप्प, पोर झोपलेलं, घरात कुणाचाच आवाज नाही. म्हणून स्टेरॉइड एकदम बंद करायचं नाही, हळूहळू कमी करायचं. बरोबर आहे का?

रातराणी
अगदी बरोबर, बाळा. हे तुझं तू काढलंस, आता ते तुझं झालं.

आमच्याकडे असे पेशंट येतात. कुठून तरी आणलेल्या पुड्या, नाव नाही, चिठ्ठी नाही. "खाल्ल्या की गुडघा पळतो." चेहरा गोल, हातपाय काटक्या, पोटावर जांभळे पट्टे, कातडी इतकी पातळ की चिकटपट्टी काढताना सोलते. गावी जाताना पुड्या विसरतात आणि चौथ्या दिवशी उलट्या, बी.पी. लागत नाही. नस धरून सलाइन आणि हायड्रोकॉर्टिसोन १०० मि.ग्रॅ. शिरेतून, बी.पी. वर येताना डोळ्यांनी दिसतं. इतिहास घेताना "कुठल्या गोळ्या चालू?" असं विचारलं तर "काही नाही" म्हणतात. "गुडघ्याला काही पुडी-बिडी?" असं विचार, पिशवीतून निघते.

एक भर घाल: खऱ्या अ‍ॅडिसनमध्ये आई ओरडत असते, ए.सी.टी.एच. चढलेला, त्यानं कातडीही रंगते. तळहाताच्या रेषा, हिरड्या काळ्या. पुडीवाल्या पेशंटची आई गप्प असते, म्हणून तो रंग येत नाही.

मोगरा
मॅडम, माझं पोस्टिंग परवापासून फिमेल सर्जिकलला आहे. थायरॉइड काढलेली एक पेशंट आहे असं ऐकलंय. काय बघू?

रातराणी
पहिले २४ तास श्वास आणि रक्तस्राव. समोरची पट्टी कोरडी दिसेल, तेवढ्यावर जाऊ नकोस. रक्त मानेमागे ओघळतं, हात मागे घालून बघ. उशाशी ट्रॅकिओस्टॉमी सेट (श्वासनलिकेला छेद द्यायचं साहित्य) आणि कॅल्शियम ग्लुकोनेट आहे का, ड्यूटीवर येताच बघ. तिला दोन शब्द बोलायला लाव, आवाजाच्या नसेला धक्का बसला असेल तर घोगरा येतो.

नंतर कॅल्शियम. ऑपरेशनमध्ये परावटू दुखावल्या किंवा सोबत निघाल्या तर एक-दोन दिवसांत कॅल्शियम पडतं. विचार, "तोंडाभोवती, बोटांच्या टोकांना मुंग्या येतात का?" बी.पी. घेताना हात बघत राहा. कफ सिस्टॉलिकच्या वर नेऊन तीन मिनिटं ठेवला आणि मनगट वाकून, बोटं सरळ एकत्र येऊन अंगठा तळव्यात गेला, तर तो ट्रूसो. बांगड्या भरताना आपण हात निमुळता करतो ना, अगदी तसा हात. कानापुढे गालावर बोट टिचकावलं आणि ओठाचा कोपरा उडाला तर श्व्होस्टेक. तू स्वतः ठरवून काही करू नकोस, लगेच सिस्टरना सांग.

मोगरा
(चार दिवसांनी)
सगळ्यांना सांगायला आलेय. पेशंट एक मावशी आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी विचारलं तर म्हणाल्या, "ओठ बधिर झाल्यासारखे वाटतात, पण औषधानं असेल." मी सिस्टरना सांगितलं. रक्त पाठवलं, कॅल्शियम ७.४ आलं. नॉर्मल ८.५ ते १०.५, हे मला पुस्तक न उघडता आठवलं. ग्लुकोनेट हळूहळू देताना मी मॉनिटरजवळ उभी होते. तासाभरात मावशी म्हणाल्या, ओठ मोकळे झाले.

आज डिस्चार्ज आहे. थायरॉक्सिन (थायरॉइडच्या हॉर्मोनची गोळी) आणि कॅल्शियम दोन्ही घरी घ्यायचंय. मावशी म्हणतात, दोन्ही सकाळी चहाबरोबर घेऊन टाकेन, विसरायला नको. मी त्यांना काय सांगू?

रातराणी
थायरॉक्सिन उठल्याबरोबर, उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर. चहा-नाश्ता अर्ध्या ते एका तासानं. कॅल्शियमनं थायरॉक्सिन अंगी लागत नाही, म्हणून त्या दोन्हींत चार तासांचं अंतर. कॅल्शियमच्या वेळा डॉक्टरांनी लिहिल्यात त्या बघ आणि पहिली गोळी दुपारच्या जेवणाला बसते का, ते त्यांना विचारून घे. लोहाची गोळी चालू असेल तर तिलाही तेच अंतर. कागदावर उगवता सूर्य आणि जेवणाचं ताट काढून दे, दोन डब्यांवर तीच चित्रं चिकटव. मुंग्या आल्या तर थांबू नका, लगेच या, हे त्यांच्या मुलीलाही सांग.

मोगरा
चित्रं काढतेय, मॅडम. त्यांची मुलगी खाली औषधं आणायला गेलीय, ती वर आली की दोघींना एकत्र बसवून सांगते.